बारा खांद्यांचा हंडा

एका गावात तांबटांची एक आळी होती. त्या आळीत कुजबुज कुणालाच ऐकू येत नसे.

सकाळपासून दिवे लागेपर्यंत तिथं तांब्याच्या पत्र्यावर हातोडे पडत. घागरी, कळश्या, पातेली, हंडे. घराघरांतून ठणठणाट चाले. चाळिशी गाठेपर्यंत प्रत्येक तांबटाचे कान जड होत. त्यामुळे आळीतली माणसं साधं बोलतानाही ओरडत. आणि जे ओरडून सांगण्यासारखं नसे, ते मनात ठेवत.

दुखणं हे ओरडून सांगण्यासारखं नसतं.

एका वर्षी गावात तापाची साथ आली. आळीतले चार तांबट गेले. वैद्य नदीपलीकडच्या गावी राहत असे. त्याला आणायला बैलगाडी लागे, औषधाला पैसा लागे, आणि घरचा माणूस अंथरुणावर पडला की घरची चूल थंड होई. त्या चौघांनी कुणाला काही सांगितलं नाही. शेजाऱ्यांना कळलं तेव्हा तिरडी बांधायची वेळ आली होती.

त्या आळीत हैबती नावाचा तांबट होता. त्याचा हात सगळ्यांत पक्का आणि बोलणं सगळ्यांत कमी. चौघांचे दिवस झाल्यावर त्यानं आळीला पिंपळाच्या पारावर बोलावलं.

"चार भाऊ गेले," तो म्हणाला. "पाचवा असा जाऊ द्यायचा नाही. आपण भाऊमंडळ काढू. दुखणं एकाचं, खर्च सगळ्यांचा."

"आणि पैसा कुठून आणायचा?" एकानं ओरडून विचारलं.

"तांबटाला पैसा कुठून मिळतो? ठोक्यांतून. मंडळालाही तिथूनच मिळेल."

अमावास्येला आळीत काम बंद असे. हैबतीनं सांगितलं, त्या दिवशी घरचं काम बंदच ठेवायचं, पण पारावर जमून सगळ्यांनी मिळून एक भांडं घडवायचं. ते मंडळाचं भांडं. एकानं पत्रा द्यायचा, एकानं कोळसा. आणि आळीतल्या प्रत्येक तांबटाची निदान एक ओळ तरी ठोके त्यावर पडलेच पाहिजेत. भांडं बाजारात विकायचं. येईल ते मोल पारावर एक मोठा हंडा ठेवून त्यात टाकायचं.

हे झालं जमवण्याचं. मागण्याचं काय?

हैबतीनं त्याचीही रीत घातली. ज्याला दुखण्यासाठी मदत हवी, त्यानं आपला हातोडा हंड्याशेजारी उलटा उभा करायचा. डोकं खाली, दांडा वर. तोंडानं काही बोलायचं नाही. दुसऱ्यानं 'का' म्हणून विचारायचं नाही. उलटा हातोडा दिसला की गाडी जुंपायची आणि वैद्य आणायचा. आणि तो माणूस उठेपर्यंत त्याच्या घरी दाणे पोचवायचे. एकच अट. हातोडा ज्याचा त्यानं ठेवायचा. बायको-पोरांनी नाही, शेजाऱ्यानं नाही.

रीत चांगली होती. पहिल्याच वर्षी ठिणगी उडून एकाचा डोळा जायला आला होता, तो वाचला. दुसऱ्याचं मोडलेलं हाड जुळलं. हंडा भरे, रिता होई, पुन्हा भरे. आळीनं हैबतीला म्होरक्या केलं.

गावात देवीची जत्रा भरे. जत्रेत प्रत्येक आळी आपापल्या मंडळाचं पैसे साठवायचं भांडं मिरवणुकीत आणी. कुंभारांचा रांजण असे, बुरुडांची टोपली असे, तांबटांचा हंडा असे. असं मंडळ आता प्रत्येक आळीत होतं. तांबटांचा हंडा चौघेजण उचलत.

एक वर्ष असं आलं की आळीत कुणी आजारीच पडलं नाही. तसा योग असतो कधी. हंडा गळ्यापर्यंत भरला. जत्रेच्या दिवशी चौघांनी उचलायला घेतला तर हलेना. आठ जण लागले. गाव तोंडात बोट घालून बघत राहिलं. पाटलानं हैबतीच्या खांद्यावर शेला टाकला आणि म्हणाला, "याला म्हणतात मंडळ! आठ खांदे लागले!"

हैबतीनं तो शेला घडी करून पेटीत ठेवला. वाईट तिथूनच सुरू झालं.

पुढच्या जत्रेला महिना राहिला होता. दौलू नावाच्या म्हाताऱ्या तांबटाला मूतखड्याचा त्रास झाला. तो लोळत होता. त्यानं कसाबसा हातोडा नेऊन उलटा ठेवला. रीतीप्रमाणे वैद्य आला, औषध झालं, दौलू वाचला. पण हंडा बराच खाली गेला. अमावास्येला सगळे जमले तेव्हा हैबती हसत ओरडला, "काय आबा, तुमचा खडा जत्रा होईपर्यंत थांबला असता तर काय बिघडलं असतं?"

सगळे खदखदून हसले. थट्टाच होती ती. दौलूला शब्द नीट ऐकू आले नाहीत. पण त्याचे डोळे शाबूत होते. त्याला हसणारी तोंडं दिसली. त्यानं मान खाली घातली आणि आपली ओळ ठोकून निघून गेला.

त्या दिवसानंतर तीन वर्षं पारावर एकही हातोडा उलटा झाला नाही.

माणसं आजारी पडत होती. पण कुणी गावठी मुळी उगाळून पीत होतं, कुणी अंगारा लावत होतं, कुणी नुसतं दात आवळून बसत होतं. हंडा मात्र वाढत होता. आठ खांद्यांचे दहा झाले, दहाचे बारा झाले. हैबतीनं हंड्याला घट्ट झाकण बसवून ते लाखेनं बंद केलं. पैसे टाकायला वर एक फट ठेवली. पैसा आत जाई. बाहेर यायची वाटच राहिली नाही.

बुरुडांच्या आळीची म्होरकी येसाक्का नावाची म्हातारी होती. ती आपल्या मंडळाची टोपली एकटीच काखेत मारून जत्रेत येई. बारा खांद्यांच्या त्या वर्षी तांबटांनी तिला मध्येच गाठलं.

"काय गं येसाक्का, यंदाही टोपली काखेतच? भोक पडलंय की काय तिला?"

"पडलंय तर!" येसाक्का म्हणाली. "तीन बाळंतपणं, एक मोडका पाय, एका म्हाताऱ्याचा डोळा आणि एका पोराचा घटसर्प. एवढं सगळं त्या भोकातून गेलं. तुमच्या हंड्यातून काय गेलं रे?"

"काही नाही!" तांबट छाती काढून ओरडले.

"दोन वर्षांत काहीच नाही?"

"काहीच नाही!"

"मग तुमची आळी अमृत प्यालीय म्हणायची," येसाक्का म्हणाली आणि टोपली दुसऱ्या काखेत घेऊन पुढं गेली.

तांबट हसले. हैबतीही हसला. हसता हसता त्याला खोकला आला. तो बराच वेळ थांबेना.

हा खोकला आजचा नव्हता. भट्टीचा धूर पन्नास वर्षं छातीत गेला होता. पहाटे त्याला उशीवरून उठून बसावं लागे. पण दिवसा आळीत ठणठणाट असे, त्यात खोकला बुडून जाई. हैबतीनं कुणाला सांगितलं नाही. तो अभिमानानं म्हणे, "मंडळ मी काढलं, पण माझा हातोडा कधी उलटा झाला नाही. होणारही नाही."

आळीतली तरणी पोरं हे ऐकत. त्यांतच गेणू होता.

गेणूचा बाप त्या तापाच्या साथीत गेलेल्या चौघांपैकी एक. पोरका पोर हैबतीच्या भट्टीवर वाढला, तिथंच काम शिकला. हातोडा धरण्याची ढबही त्यानं हैबतीचीच उचलली. त्याचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. बायको भागी, दुसऱ्या गावची. घरात एक तान्ही मुलगी.

पुढच्या जत्रेच्या पंधरा दिवस आधी पत्रा कापताना गेणूच्या उजव्या हाताला धार लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट खोल कापलं गेलं. त्यानं हळद दाबली, चिंधी बांधली आणि कामाला बसला. चार दिवसांनी हात सुजला. सात दिवसांनी ताप आला.

"पारावर जा," भागी म्हणाली.

"जत्रा आठ दिवसांवर आलीय. यंदा चौदा खांदे लागतील म्हणतात. जत्रा होऊ दे."

"हाताला जत्रा कळते का?"

"हैबतीकाकांनी कधी ठेवलाय उलटा?" गेणू म्हणाला. "मग मी कोण?"

अमावास्या आली. जत्रेआधीचं मंडळाचं शेवटचं भांडं, मोठी घागर, पारावर घडत होती. एकेक जण येऊन आपली ओळ ठोकून जात होता. गेणूही आला. आपली ओळ ठोकून तो मुकाट्यानं घरी गेला.

शेवटी घागर हैबतीच्या हातात आली. ती फिरवून बघणं हे म्होरक्याचं काम. तांबटाचा ठोका म्हणजे त्याचं अक्षर. कुणाचा खोल, कुणाचा गोल, कुणाचा उजवीकडे कललेला. हैबती डोळे मिटून बोटांनी सांगे, ही ओळ अमक्याची.

एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. ठोके गेणूच्या जागी होते, पण गेणूचे नव्हते. उथळ, वेडेवाकडे, आणि सगळे डावीकडे कललेले. उजव्या हाताच्या माणसानं डाव्या हातानं मारलेले.

हैबतीला कळलं. त्यानं गेणूच्या घराकडे पाहिलं. मग हंड्याकडे पाहिलं. घागर खाली ठेवली आणि म्हणाला, "चांगली झालीय. बाजारात न्या."

त्यानं विचारलं नाही. विचारायचं नाही अशी रीतच होती. रीत त्यानंच घातली होती, आणि त्या दिवशी ती त्याला फार सोयीची वाटली.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी भागी हैबतीच्या दारात आली. कडेवर मूल होतं.

"बाबा, हंडा उघडा."

"हातोडा कुठंय?"

"ते ठेवत नाहीत. मी ठेवते."

"तसं चालत नाही पोरी. ज्याचा त्यानं ठेवायचा."

"त्यांना उठवत नाही. अंग फणफणलंय. बोटं काळी पडलीत. आणि तापात काय बडबडतात ते सांगू? चौदा खांदे, चौदा खांदे. माझं नाव नाही, पोरीचं नाव नाही."

हैबतीनं पारावरच्या हंड्याकडे नजर वळवली.

"तुम्ही ठेवाल तर तेही ठेवतील," भागी म्हणाली.

"मी? मला काय झालंय?"

"बाबा, मी या आळीत तीन वर्षांमागं आले. माझे कान अजून शाबूत आहेत. तुमच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. पहाटे तुम्ही खोकता, तेव्हा माझी पोर दचकून उठते. तुमच्या दाराबाहेर धुतलेली फडकी वाळत असतात, त्यांवर रक्ताचे डाग असतात. आळी बहिरी आहे, मी नाही."

हैबतीच्या तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. त्याचा चेहरा भट्टीसारखा तापला. "तू मला शिकवतेस? हे मंडळ मी काढलं!"

"काढलंत. कशासाठी काढलंत?"

एवढंच बोलून ती निघून गेली.

हैबती मग उठला आणि गेणूच्या घरी गेला. दार उघडंच होतं. गेणू घोंगडीवर पडला होता. हैबतीनं चिंधी सोडली. त्यानं उभ्या जन्मात जळलेले, कापलेले पुष्कळ हात पाहिले होते. पण असा हात पाहिला नव्हता.

"गेणू, हातोडा दे. मी नेऊन ठेवतो."

"नाही काका." गेणूचे डोळे लाल होते. "माझ्यापायी खांदे कमी नकोत. लोक हसतील. दौलूआबांना हसले होते ना... मीही हसलो होतो."

हैबतीला ती अमावास्या आठवली. हसणारी तोंडं आठवली. पहिलं तोंड कुणाचं होतं, तेही आठवलं.

"मरशील पोरा."

"तुम्ही कधी ठेवलात का उलटा?" गेणूनं विचारलं. टोमणा नव्हता तो. पोर खरंच विचारत होतं.

हैबतीनं चिंधी पुन्हा गुंडाळली. या पोराच्या बापाची तिरडी त्यानं उचलली होती. पाचवा असा जाऊ द्यायचा नाही, असं म्हणाला होता. पाचवा समोर पडला होता.

तो उठला. आपल्या भट्टीवर गेला. ऐरणीवरचा आपला हातोडा उचलला. दांडा हाताच्या घामानं काळा झालेला, बोटांच्या जागी झिजलेला. तो घेऊन तो भर उन्हात आळीतून चालत निघाला. जत्रेच्या तयारीनं निम्मी आळी रस्त्यावरच होती. कुणी हंड्याला झेंडूच्या माळा बांधत होतं, कुणी खांद्यावर घ्यायचे वासे तासत होतं. म्होरक्या येतो आहे म्हणून लोक बाजूला झाले. त्यांना वाटलं, शेवटचा एखादा ठोका राहिला असेल.

हैबतीनं हातोडा हंड्याशेजारी ठेवला. डोकं खाली, दांडा वर.

आळीतला ठणठणाट घराघरांतून बंद पडत गेला. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. इतकी शांतता झाली की पिंपळाची पानं ऐकू आली. आणि त्या शांततेत हैबतीला खोकला आला. तो त्यानं दाबला नाही. आख्ख्या आळीनं तो पहिल्यांदा ऐकला.

खोकला थांबल्यावर तो ओरडला, "रीत काय आहे? 'का' म्हणून विचारायचं नाही. बघत काय बसलात? गाडी जुंपा!"

"पण म्होरके, उद्या जत्रा..." एक जण म्हणाला.

"जत्रा देवीची आहे, हंड्याची नाही. जुंपा!"

मग तो गेणूच्या घरी परत गेला. "मी ठेवला," तो म्हणाला. "जाऊन बघायला सांग भागीला. आता तू दे."

भागी दारातून बघून आली आणि तिनं मान हलवली. गेणूनं डाव्या हातानं उशाचा हातोडा ओढला आणि हैबतीच्या हातात दिला. हातोडा आपल्या हातानं देऊन त्यानं आपल्या परीनं रीत पाळली. पारापर्यंत तो हैबतीनं नेला.

हैबती पारावर पोचला तेव्हा तिथं तिसरा हातोडा आधीच उभा होता. शेजारी दौलू म्हातारा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि दोन वर्षं तो अंदाजानं ठोके मारत होता. तो हैबतीच्या कानाशी येऊन ओरडला, "जत्रेआधीच ठेवतोय हो! चालेल ना?"

हैबतीनं दौलूच्या पायांना हात लावला. थट्टा सगळ्यांसमोर केली होती, म्हणून हेही सगळ्यांसमोर केलं.

संध्याकाळपर्यंत पारावर नऊ हातोडे उभे राहिले. कुणाची कंबर, कुणाची बायको अंगावरून जाण्यानं खंगलेली, कुणाचं जुनं भगंदर. तीन वर्षांचं साठलेलं दुखणं एका दुपारी बाहेर आलं. माणसं एकमेकांकडे बघत होती. एवढे आजारी आपण होतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

हंड्याची लाख फोडली, झाकण काढलं. वरची नाणी ठीक होती. खालची काढू लागले तसे हात हिरवे होऊ लागले. तळ दिसला तेव्हा सगळे मागं सरले. आतून अख्खा हंडा कळंकला होता. हिरवा, ओलसर, वास मारणारा थर. तळाची नाणी त्यात चिकटून बसली होती.

 भागी पुढं झाली. ती फार ओरडली नाही, पण आळी अजून शांत होती, म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"गिऱ्हाईक भांडं घेऊन जातं, तेव्हा तुम्ही त्याला काय सांगता?"

सगळ्या तांबटांना ते पाठ होतं. बाप सांगत आला होता, आजा सांगत आला होता. तेच वाक्य ते रोज दहा वेळा म्हणत. बाई, भांडं वापरात ठेवा. नुसतं ठेवलंत तर कळंकेल.

हैबतीनं चिंच आणि राख मागवली. बाह्या वर करून तो हंड्यात वाकला आणि घासू लागला. दोघे-तिघे धावले, "म्होरके, आम्ही करतो." तो म्हणाला, "कळंकू मी दिला. घासणारही मीच."

दिवस मावळायच्या आत वैद्य आला. गेणूचा हात पाहून त्यानं डोकं हलवलं. "आठ दिवस आधी बोलावलं असतं तर नुसत्या लेपानं भागलं असतं. दोन दिवस उशीर झाला असता तर मीही काही केलं नसतं." दोन बोटं काढावी लागली. ती परत यायची नव्हती. पण ताप उतरला. गेणू वाचला.

हैबतीला वैद्यानं भट्टीपासून लांब बसायला सांगितलं. काढा दिला. वर्षभर घ्यायचा. हैबतीनं तो मुकाट्यानं घेतला. त्याच्या घरी आळीतून दाणे आले तेव्हा त्यानं ते परत पाठवायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं. सूप पुढं केलं आणि दाणे घेतले. मंडळाला हंडाभर पैसा देणं त्याला कधी जड गेलं नाही. ते सूपभर दाणे घेणं फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी जत्रा होती. चौदा खांद्यांसाठी सात वासे तासून ठेवले होते, त्यांतले दोनच लागले. घासून लखलखीत झालेला हंडा चौघांनी उचलला. कुंभार हसले. बघे म्हणाले, "काय झालं तांबटांना? चोरी झाली का?" पाटलानं दुसऱ्याच आळीला शेला दिला.

येसाक्का टोपली काखेत घेऊन उभी होती. तिनं हंड्यावर बोटाची पेरं मारली. हंडा घणघणला. भरला होता तेव्हा तो कधी वाजला नव्हता.

"आता कसा!" येसाक्का म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही दगड मिरवत होतात. आज भांडं मिरवताय." मग तिनं हैबतीकडे पाहिलं. "खोकला कसा आहे रे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझी आळी बहिरी आहे. गाव नाही."

हैबती हसला. तांबटांनी त्याला असं हसताना फार वर्षांनी पाहिलं.

पुढं काय झालं ते थोडक्यात. गेणूला हातोडा धरता येईना. मग मंडळाचं भांडं बाजारात नेऊन विकायचं काम त्याच्याकडे आलं. तो भांडं मांडून बसे, आणि कुणी भाव पाडू लागलं की आपला तीन बोटांचा हात पुढं करी.

"मावशी, हे भांडं घेतलंत तर हा हात वाचतो. माझी दोन बोटं गेली, कारण मी मागायला लाजलो. दुसऱ्याची जाऊ नयेत. आता बोला, काय देताय?"

मावशी दोन पैसे जास्तच टाकून जाई. पैसा कुठं जातो ते लोकांना दिसू लागलं, तशी मंडळाची भांडी घडायच्या आधीच विकली जाऊ लागली. हंडा पूर्वीपेक्षा लवकर भरू लागला आणि पूर्वीपेक्षा लवकर रिता होऊ लागला. झाकण त्याला पुन्हा बसवलं नाही.

जत्रेतली रीतही बदलली. हंड्याखाली खांदे किती, हे आता कुणी मोजत नाही. हंड्याच्या पुढं चालणारी माणसं मोजतात. त्या वर्षात हंड्यामुळे जे बरे झाले, ते पुढं चालतात. पहिल्या वर्षी पुढं अकरा जण होते. गेणू होता. मोतीबिंदू काढलेला दौलू म्हातारा होता. तो वाटेत भेटेल त्याला थांबवून त्याचं तोंड नीट न्याहाळत होता. आणि सगळ्यांच्या पुढं हैबती होता. शेला नाही, फेटा नाही. हातात आपला हातोडा, डोकं खाली, दांडा वर.

हैबतीनंतर आळीनं एक नियम केला. म्होरक्या निवडताना त्याचा हात किती पक्का, घर किती मोठं, त्यानं मंडळाला किती दिलं, हे बघतातच. पण शेवटी त्याला एक प्रश्न विचारतात. "तू कधी हातोडा उलटा ठेवला आहेस का?" तो 'नाही' म्हणाला, तर त्याला सांगतात, "मग अजून थोडा थांब."

तात्पर्य: अडीनडीचं भांडं वापरात असलं तरच स्वच्छ राहतं. आणि ज्याला भावांकडून घेता येत नाही, त्यानं कितीही दिलं तरी तो भावांत बसत नाही.